भांड्यांवरचीं नांवें

जुन्या घराचा माळा आवरावयास काढला कीं तांब्यापितळेचीं भांडीं खालीं उतरतात, आणि हंड्याच्या गळ्याशीं किंवा परातीच्या कांठावर ठिपक्याठिपक्यांचीं अक्षरें दिसूं लागतात. 'चि. सौ. कां.' असा आरंभ, मग नवरीचें नांव, आहेर करणाऱ्या मामाचें नांव, शेवटीं शक आणि तिथि. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हें पाहिलें असेल. विवाहाचें स्मरण म्हणून निराळी शोभेची वस्तु आपल्याकडे क्वचितच घडवीत. रोजच्या पाण्याचा हंडाच तें काम करी.

हीं अक्षरें छिन्नीवर हातोडीचा एकेक ठोका घालून उठविलेलीं असत. त्यामुळें वेलांटी कधीं घसरते, नांव ओळींत न मावल्यास शेवटचें अक्षर खालीं लोंबतें. मला मात्र तीं छापील अक्षरांहून बोलकीं वाटतात.

नांव घालण्यामागें केवळ हौस होती असें मानूं नये. कार्यप्रसंगीं शेजारपाजारचीं भांडीं मागून आणीत. पंगती उठल्यावर तीं निवडतांना हीं अक्षरें उपयोगी पडत. पण खरी गोष्ट मालकीची. पिता, माता, पति, बंधु यांनीं दिलेलें व विवाहाग्नीसमोर मिळालेलें धन याज्ञवल्क्यस्मृतींत स्त्रीधन म्हटलें आहे. चालुक्यांच्या कल्याणी राजधानींत 'मिताक्षरा' लिहितांना विज्ञानेश्वरानें ती व्याख्या आणखी रुंदावली. परंतु जिच्यापाशीं कागद नाहीं, तिला हंड्यावरचें नांव हाच दस्तऐवज. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीची संपूर्ण मालकी मान्य केली. सासरीं ठेवल्यानें स्त्रीधन सासरचें होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्पष्ट सांगितलें. तोंवर किती हंडे घरच्या अडचणींत मोडीत निघाले असतील! अडचणींत प्रथम हात जाई तो याच भांड्यांकडे.

लग्नाचीं वर्षें मोजण्याची रीत मागाहूनची. षष्ट्यब्दीपूर्ति, सहस्रचंद्रदर्शन हे समारंभ माणसाच्या वयाचे. लग्नाचें २५ वें वर्ष रुप्याचें मानण्याची कल्पना युरोपांतून आली. पुढें स्टेनलेस स्टील घरोघर पोंचलें, तेव्हां विजेच्या यंत्रानें डब्यांवर 'लग्नाच्या २५ व्या वाढदिवसानिमित्त' असें कोरलें जाऊं लागलें.

आहेराचें भांडें लग्नाआधीं कोरून घेत, म्हणून त्यावर नवरीचें माहेरचें नांव असे. सासरचें नवें नांव ताटांतल्या तांदुळांत अंगठीनें लिहिलें जाई. पुढें साऱ्या घराला, कित्येकदां तिला स्वतःलाहि, त्याच नांवाची संवय होई आणि जुनें नांव हंड्यापुरतें उरे. मोडीच्या तराजूंत तो हंडा चढण्यापूर्वीं एखाद्या नातवानें 'ही कोण?' म्हणून विचारलें, तर सांगणारें माणूस घरांत असेलच असें नाहीं.