मापाची सायकल

"फ्रेम मापाने बनवून घेतली" असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'याला पैसे जास्त झालेत' हे स्पष्ट उमटतं. मंडळी, मला मात्र उलटंच वाटतं. माउंटन बाईक जन्माला आली तीच ओळखीच्या माणसांसाठी आणि ओळखीच्या डोंगरासाठी. दुकानात स्मॉल, मीडियम, लार्ज होऊन ती लटकली नंतर.

गोष्ट कॅलिफोर्नियातली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जुन्या श्विन एक्सेलसियर सायकली मिळतील तिथून उचलायची आणि डोंगरावरून सुसाट खाली सोडायची. या सायकली १९३०-४० च्या दशकांतल्या, वजनदार, २६ इंची फुगीर टायरच्या. एकेकाळी पोरं यांवरून पेपर टाकायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी चक्क शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली! पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'.

अशा मारापुढे जुन्या फ्रेम किती टिकणार? चार्ली केलीने आपला मित्र जो ब्रीझ याच्याकडे नव्या फ्रेमचा लकडा लावला. ब्रीझ रोड रेसिंग करणारा. १९७४ मध्ये अल्बर्ट आयझेनट्राउट यांच्याकडे फ्रेम बनवायला शिकलेला. या कारागिरांची परंपरा आपल्या शिंप्यांसारखीच. आधी माणसाची मापं, मग नळ्यांना करवत. १९७७ मध्ये क्रोमोली स्टीलची पहिली 'ब्रीझर' तयार झाली, १९७८ पर्यंत एकूण दहा. पहिली आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे ब्रीझने फ्रेमचे कोन नव्याने शोधले नाहीत. एक्सेलसियर उतारावर छान वागते, मग तिचेच घ्या! (चालणाऱ्या कोडला हात लावू नये, हे त्याला आपल्या आधी कळलं होतं. :) )

१९७९ मध्ये केली आणि गॅरी फिशर यांनी टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम वापरून 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. पण हाताने फ्रेम जोडून जोडून किती जोडणार? १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या माईक सिनयार्ड यांनी रिचीच्या फ्रेमवर बेतलेली 'स्टम्पजम्पर' जपानमध्ये बनवून घेतली आणि ७५० डॉलरला दुकानात आणली. हाताने बनवलेल्या सायकलींपेक्षा कितीतरी स्वस्त. कारखान्याला नावं ठेवायचा माझा अजिबात विचार नाही. तो मध्ये पडला नसता तर हा प्रकार मरीनमधल्या दोनचारशे वेड्यांपुरताच राहिला असता.

पण कारखान्याला कुणातरी एकाचं माप धरावं लागतं. कुणाचं? सरासरी पुरुषाचं. सीटची नळी जितकी लांब तितकीच वरची आडवी नळीही लांब, असा सोपा हिशेब. यात अडचण सगळ्यात जास्त बायकांची झाली. जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी ती ओळखली आणि १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या रोड बाईकचं पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान, कारण त्यामुळे वरची नळी आखूड करता येते. दिसायला विचित्र, पण चालवणारीची मान दुखत नाही!

माझं प्रकरण त्यातलंच. पाय लांब, धड आखूड. दुकानातला तक्ता उंची बघतो आणि म्हणतो, मीडियम. दोन तासांत मान आखडायची, करंगळ्या बधिर व्हायच्या. स्टेम आखूड केला तर उतारावर हँडल चंचल. सीट पुढे घेतली तर गुडघे कुरकुरायचे. थोडक्यात काय, एक बग काढला की दुसरा हजर. शेवटी एका कारागिराकडे गेलो. त्याने पायाची आतली लांबी, बसलेली उंची, हात सगळं मोजलं. वजन विचारलं, जुनी दुखणी विचारली, कुठल्या वाटांवर जातोस तेही विचारलं. वरची नळी दोन सेंटिमीटर आखूड झाली आणि त्याप्रमाणे कोन बदलले. एवढ्यासाठी काही महिने थांबलो.

वेग वाढला का? नाही. चढावर धाप तेवढीच लागते. फक्त अंग कुरकुरायचं थांबलं आणि लक्ष वाटेवर राहायला लागलं. तोटाही आहे. ही सायकल दुसऱ्या कुणाला धड होत नाही, त्यामुळे विकायची म्हटली तर अवघडच.

आपण लहानपणी वडिलांच्या २२ इंची सायकलीच्या नळीखालून पाय घालून शिकलो. गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा शिवायचे. वस्तूला आपण पुरे पडायचं, ही सवय जुनी आहे.

असो. सगळ्यांनी फ्रेम बनवून घ्यावी असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना दुकानातली व्यवस्थित होते. पण पुढची सायकल घ्याल तेव्हा नुसती उंची सांगून थांबू नका. दुकानदाराला वरची नळीही मोजायला लावा.