भिंतीवरचे फोटो आणि आपले जुने वाडे

दिंडीला शंभर वर्षं झाली, पण तिचा इतिहास एका जागी लिहून ठेवलेला नाही. पंगतीच्या हिशोबाच्या थोड्या वह्या सोडल्या, तर बाकी सारं नांदेड-लातूरकडच्या जुन्या वाड्यांत, भिंतीवरच्या फोटोंत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. या ग्रंथासाठी आम्ही गावोगाव फोटो मागितले. आले ते पुढच्या पानांवर छापले आहेत. ते बघण्याआधी, ते ज्या घरांतून आले त्या घरांविषयी थोडं सांगतो.

लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, मुरूड, बार्शी अशी आपली वाट. मुक्कामाला गावातला एखादा मोठा वाडा ठरलेला असायचा. वाड्याच्या दरवाज्यातल्या लहान दारालाही दिंडीच म्हणतात. एरवी माणसं त्या दिंडीतून वाकून आत जायची, पण वारकरी आले की मोठा दरवाजा सताड उघडायचा. आत दोन्ही बाजूला ढाळज, पुढे चौक, भोवती ओसरी, भिंतीत धान्याचं बळद. वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरसाल त्यावर पांढरी माती टाकायची. उन्हाळ्यात घर गार, थंडीत उबदार.

त्या काळी आपला मुलूख निजामाचा आणि पंढरपूर इंग्रजांकडे. बार्शीकडे उतरलं की राज्य बदलायचं, नाणंही बदलायचं. इकडं हाली, तिकडं कलदार. १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरपर्यंत आली, तेव्हा जाताना पायी आणि येताना गाडीनं अशी सोय झाली. आलेल्या फोटोंतले काही पंढरपुरात रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले आहेत. गळ्यात माळ, हातात टाळ, नजर सरळ. वारी घडल्याची ती खूण घरी येऊन ढाळजेत टांगली जायची.

रझाकारांच्या काळात कित्येक कुटुंबं रातोरात घर सोडून बार्शी-सोलापूरकडे, नांदेडकडची उमरखेडकडे गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेला माणूस भिंतीवरचा फोटो कुठून नेणार? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. माणसं परत आली, पण फोटो सगळ्यांनाच सापडले असं नाही.

पण सगळ्यात मोठा घाव १९९३ चा. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. इथल्या भिंती जाड, पण आतून-बाहेरून दगड आणि मधे माती. दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नसत. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि वर्षानुवर्षं साठलेल्या मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जिथं माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं काही ठिकाणी भिंत पडूनही छप्पर तगलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली.

त्या पहाटे घर गेलं, घरातला फोटो गेला आणि फोटोतला माणूस ओळखणारी म्हातारीही गेली. तिन्ही एकदमच गेल्यावर विचारायचं कुणाला? वाचलेल्या काही घरांत आज गेलेल्या माणसाचा एकही फोटो नाही. म्हणून कुणा पाहुण्याकडे, दुसऱ्या गावातल्या लेकीकडे असलेला लग्नातला एखादा फोटो त्यांना मोलाचा वाटतो.

आमच्याकडे आलेल्या फोटोंत आणखी एक गोष्ट दिसली. ओट्यावर बसलेले सगळे बाप्ये. ज्यांनी शंभर-शंभर माणसांच्या भाकरी थापल्या, वारकऱ्यांच्या पायावर पाणी घातलं, त्या बाया कुठंच नाहीत. एका फोटोत दाराच्या कडेला नुसता बांगड्यांचा हात आहे. तो कुणाचा, हे सांगणारं आता त्या घरात कुणी उरलं नाही. तरीही तो फोटो आम्ही मुद्दाम मोठा छापला आहे.

पुष्कळ फोटोंमागं नाव नाही, गाव नाही. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीला परकाच. तेव्हा माउली, एवढं करा. घरातल्या थोरल्या माणसापुढं जुने फोटो ठेवा, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. मागच्या बाजूला पेन्सिलनं हलक्या हातानं नाव, गाव आणि आठवत असेल तर साल लिहा. आजी-काकूंचीही नावं लिहा. ओल येणाऱ्या भिंतीवरून फोटो काढून कोरड्या जागी ठेवा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट दुसरा फोटो काढून घ्या. त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. एक घर पडलं तरी दुसऱ्या घरी तो माणूस राहील.

माळवदाचे वाडे आता थोडेच उरलेत. तेही एकेक करून उतरवले जातील, त्यात राहणाऱ्यांची अडचण आम्हाला कळते. पण वाडा उतरवण्याआधी दारात सगळं घर उभं करून एक फोटो काढा. बायांना पुढं बसवा. आणि तो आम्हाला पाठवा, नावांसकट.