पत्र, प्रश्नावली आणि गुलबर्ग्याचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांचा इतिहास लिहितात, फार तर कार्यक्रमांचा. कार्यक्रम पाहणाऱ्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. पाहणाऱ्याला काय वाटले, ते त्याने कोणाला सांगितले आणि सांगितल्याने काही बदलले काय, या तीन प्रश्नांचा माग काढू लागले की आपला हा कोपरा, म्हणजे तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा, अनपेक्षितपणे जगाच्या इतिहासात येऊन बसतो. १ ऑगस्ट १९७५ रोजी येथे सुरू झालेल्या उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रयोगाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने प्रेक्षकांच्या मताची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत, असा आमचा विचार आहे. एक अमेरिकेतील आहे, दुसरे आपल्या दारचे. दोहोंच्या मुळाशी विज्ञानकथा आहे, हा केवळ योगायोग नव्हे.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण पाहू. ८ सप्टेंबर १९६६ रोजी तेथील एनबीसी या वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली. तिचा निर्माता जीन रॉडनबेरी. ‘एंटरप्राइझ’ नावाचे तारकायान, त्यावर निरनिराळ्या देशांचे आणि एका परग्रहाचेही अधिकारी, आणि दर आठवड्याला एक नवे जग, असा तिचा घाट होता. अमेरिकेत तेव्हा काही निवडक घरांतील संचांवर काय पाहिले जाते, याची मोजदाद करून साऱ्या देशाची आवड ठरवीत. या मोजणीत मालिका मागे पडली आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार, अशी बोलवा उठली. तेव्हा बिजो ट्रिंबल आणि तिचे पती जॉन यांनी पत्रमोहीम आरंभिली. १९६७ च्या अखेरीपासून तीनचार महिन्यांत एक लाखाहून अधिक पत्रे वाहिनीकडे आली. शेवटी १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहील, अशी घोषणा वाहिनीला पडद्यावरूनच करावी लागली.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. मोजणीने जे सांगितले नव्हते, ते पत्रांनी सांगितले. मोजणी किती जण पाहतात एवढेच सांगते. एखाद्याला ती गोष्ट किती हवीशी वाटते, हे ती सांगू शकत नाही. मात्र पत्रांचा विजयही पुरा नव्हता. वाहिनीने मालिका ठेवली, पण शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेला ढकलली, आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती संपली. मत ऐकले गेले, पण निर्णयाची दोरी दुसऱ्याच्याच हाती राहिली. तरीही हा प्रेक्षक गप्प बसला नाही. १९७६ मध्ये ‘नासा’ने आपले पहिले अवकाशविमान तयार केले, तेव्हा त्याचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठेवायचे घाटत होते. हजारो प्रेक्षकांनी अध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रे पाठविली आणि नाव बदलून ‘एंटरप्राइझ’ झाले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते विमान लोकांसमोर आणले, तेव्हा मालिकेतील नटमंडळी समारंभास उपस्थित होती. पुढे १९७९ मध्ये या मालिकेतून मोठ्या पडद्यावरचा चित्रपट निघाला, त्यामागेही हाच प्रेक्षकवर्ग होता.

आता आपल्या दाराशी येऊ. ज्या ‘नासा’ने प्रेक्षकांच्या पत्रांवरून आपल्या विमानाचे नाव बदलले, त्याच संस्थेचा एक उपग्रह त्या आधी वर्षभर आपल्या गावांसाठी चित्रे पाठवीत होता. त्याच्या मुळाशीही एक विज्ञानकथाकार आहे. आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि जमिनीवरून पाहणाऱ्यास एका जागी स्थिर भासेल. असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या पृथ्वीवर संदेश पोहोचवू शकतील, असे त्यांनी मांडले. तेव्हा अवकाशात एकही उपग्रह नव्हता. पुढे तीस वर्षांच्या आत त्या कल्पनेचा ग्रामीण माणसासाठी सर्वांत मोठा उपयोग झाला तो भारतात.

विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचे अणुऊर्जा खाते आणि ‘नासा’ यांच्यात करार झाला. साराभाईंना तो प्रयोग पाहणे लाभले नाही; ३० डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. ‘एटीएस-६’ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सुटला. आधी वर्षभर त्याने अमेरिकेतील डोंगराळ भाग आणि अलास्का येथे काम केले आणि मग तो सरकवून आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून ठेवला. तेथून भारत त्याच्या टापूत येत होता. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे त्यात होती. कर्नाटकातील गावे गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या तीन जिल्ह्यांतील होती. बीदर जिल्हा त्यात नव्हता. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती, आणि ते मूळचे कोल्हापूरचे, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या घराण्यांना जवळची वाटेल. खेड्यांत बसविलेले संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने घडविले होते, आणि कानडी व तेलुगू कार्यक्रमांच्या निर्मितीचे केंद्रही हैदराबाद हेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा एकीकडे गेला, आपण म्हैसूर राज्यात आलो. हैदराबादशी असलेला कचेरीचा धागा तेव्हा तुटला. एकोणीस वर्षांनी तेच हैदराबाद अमेरिकी उपग्रहाच्या वाटेने गुलबर्ग्याच्या शाळेत आणि चावडीत पुन्हा बोलू लागले.

संच सार्वजनिक जागी ठेवीत. छपरावर किंवा अंगणात दहा फूट व्यासाची छत्री असे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची ती बनविलेली होती. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, पाच ते बारा वर्षे वयाच्या, आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोककला असे विषय होते. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कानडी या चार भाषांत ते तयार होत, आणि संध्याकाळी अर्धा तास साऱ्या देशासाठी समाईक हिंदी कार्यक्रम असे. पहिल्या दिवसांत एकेका संचापुढे शेकडो माणसे लोटत. नवलाई ओसरल्यावर ही संख्या शंभराच्या आसपास स्थिरावली. ज्या क्लार्क यांच्या लेखणीतून ही कल्पना उतरली, त्यांच्या कोलंबो येथील घरीही ‘इस्रो’ने एक छत्री बसवून दिली होती. श्रीलंकेत तोवर दूरचित्रवाणी नव्हती. ती १९७९ मध्ये आली. म्हणजे त्या वर्षी कोलंबोतील एक जगप्रसिद्ध लेखक आणि आपल्या जिल्ह्यातील एखादा शेतमजूर एकाच उपग्रहाचे प्रेक्षक होते.

मात्र येथील प्रेक्षकाने पत्र लिहिले नाही. बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. शिवाय ते दिवस आणीबाणीचे होते. जून १९७५ मध्ये ती पुकारली गेली आणि प्रयोगाचे सारे वर्ष तिच्याच छायेत गेले. वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना सरकारी पडद्याविषयी कोणी उघड तक्रार करील, ही अपेक्षा व्यर्थ होती. तरी येथे जे घडले ते अमेरिकेत घडले नव्हते. प्रेक्षकाचे मत घेण्यासाठी संशोधक स्वतः गावात आले. प्रयोगाच्या आधी, प्रयोग चालू असताना आणि तो संपल्यावर अशा तीन वेळा पाहणी झाली. संच असलेली आणि नसलेली गावे तुलनेसाठी घेतली गेली. काही निवडक गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक मुक्काम करून राहिले. एकूण विचार केला, तर ज्याला लिहिता येत नाही त्याचे मत इतक्या काळजीने नोंदविण्याचा प्रयत्न जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

त्या पाहणीतून निघालेले निष्कर्ष आजही विचार करण्याजोगे आहेत. आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांविषयीच्या माहितीत निरक्षरांची, विशेषतः स्त्रियांची, भर लक्षणीय होती. शेतीच्या नव्या पद्धतींचा अंगीकार मात्र त्या मानाने झाला नाही. कारण उघड आहे. पडद्यावर दाखविलेले खत विकत घेण्यास पैसा लागतो, तो पडदा देत नाही. केवळ करमणुकीपेक्षा उपयोगाची माहिती देणाऱ्या कार्यक्रमांना खेड्यातील प्रेक्षकांनी पसंती दिल्याचेही आढळले. शहरातील जाणकारांची समजूत याच्या उलट होती. खेडुताला नाचगाणे हवे, हे शहराने ठरविलेले मत होते. खेडुताला विचारल्यावर उत्तर निराळे आले.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे प्रपत्रे आणि रकाने यांचा थोडाबहुत परिचय आम्हांस आहे. रकान्यात जे विचारलेले असते तेच वर जाते. माणूस बोलतो पुष्कळ, पण ज्याला रकाना नाही ते कारकुनाच्या लेखणीत उतरत नाही. ‘साइट’च्या भाषांचा निर्णय राज्यवार झाला, आणि तो शासनाच्या दृष्टीने स्वाभाविकच होता. पण आपला मुलूख एकभाषिक कधीच नव्हता. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू आणि मोहल्ल्यात दखनी, अशी आपल्या वाडवडिलांची रीत. गुलबर्गा जिल्ह्यातील मराठी घरच्या प्रेक्षकाला त्या वर्षी दोन भाषा मिळाल्या, कानडी आणि हिंदी. त्याची स्वतःची भाषा त्या उपग्रहाच्या वाटेने आली नाही. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरचित्रवाणी केंद्र होते, परंतु त्याचे मराठी कार्यक्रम येथवर पोहोचत नव्हते.

आम्ही ही गोष्ट गाऱ्हाणे म्हणून मांडीत नाही. आपल्या लोकांना कानडी परकी नव्हती, आजही नाही. संचापुढे मराठी, कानडी, दखनी बोलणारे एकाच चटईवर बसून एकच कार्यक्रम पाहत होते, हेही त्या वर्षाचे देणे मानावे. मुद्दा निराळा आहे. बहुभाषिक सीमेवरचा माणूस दुसऱ्याच्या भाषेतील चित्र कसे पाहतो, किती समजून घेतो आणि घरी जाऊन ते आपल्या भाषेत कसे सांगतो, याचा अभ्यास करण्यास गुलबर्ग्यासारखी जागा नव्हती. एका अर्थाने तोच खरा दुसरा प्रयोग होता, आणि तो घरोघरी आपोआप चालला.

३१ जुलै १९७६ नंतर उपग्रह करारानुसार अमेरिकेकडे परत निघाला. येथील प्रेक्षकाला तो हवा होता की नको, या प्रश्नाला त्या निर्णयात जागा नव्हती. तथापि सारेच काही मावळले नाही. १९७७ मध्ये गुलबर्ग्यास जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. कर्नाटकातील ते पहिले. बंगळुरास केंद्र आले ते १९८१ मध्ये. राजधानीच्या चार वर्षे आधी आपल्याकडे दूरचित्रवाणी आली, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. पण मनोऱ्याची पोच ठरावीक अंतरापुरती असते. प्रयोगातील जी गावे त्या वर्तुळाबाहेर पडली, त्यांचे पडदे पुन्हा काळे झाले. त्या गावांनी काय म्हटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दोन्ही कथांचे धागे पुढे चमत्कारिक रीतीने एकत्र आले. प्रेक्षकांच्या पत्रांनी नाव मिळालेले ‘एंटरप्राइझ’ स्वतः कधी अवकाशात गेले नाही. ते चाचणीपुरतेच होते. पण त्याच जातीच्या ‘चॅलेंजर’ने ३० ऑगस्ट १९८३ रोजी भारताचा ‘इन्सॅट-१ बी’ वर नेला. त्याच्या बळावर दूरदर्शनचे जाळे देशभर पसरले, आणि त्या जाळ्यातून ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ भारतातील घरोघरी दिसू लागली. पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’सारखी देशी विज्ञानकथा मालिकाही आली. आपल्याकडील प्रेक्षक तोवर पत्रे लिहू लागला होता. ‘सुरभि’ या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पोस्टकार्डांची संख्या लाखांत मोजली जाई. पण त्यांतील बहुतेक कार्डे प्रश्नमंजूषेची उत्तरे होती. आम्हांला काय वाटते हे सांगणारी पत्रे त्या मानाने विरळाच. उत्तर देण्याची सवय आपल्याला लवकर लागली, मत देण्याची उशिरा.

‘साइट’च्या वर्षी जी मुले सकाळच्या कार्यक्रमांसमोर बसत, ती आज पंचावन्न ते त्रेसष्ट वर्षांची आहेत. त्या वेळचे कर्ते स्त्री-पुरुष ऐंशीच्या पुढे गेले आहेत. अहवालांत संख्या आहेत, टक्के आहेत. आपल्या माणसांचे बोल त्यांत नाहीत. संच कोठे ठेवला होता, किल्ली कोणाकडे असे, बायका कोठे बसत, कानडीतले कोणास समजत नसेल तर शेजारी बसून कोण सांगे, संच बंद पडला तेव्हा लोक काय म्हणाले, एवढे पाच प्रश्न पुरेत. कलबुर्गी, यादगीर, आळंद, चित्तापूर या बाजूला ज्यांचे नातेसंबंध आहेत, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना ते विचारावेत आणि मिळेल ते उत्तर मराठीत वा कानडीत, जसे बोलले गेले तसे, लिहून मंडळाकडे द्यावे. नाव, गाव आणि वय लिहिण्यास विसरू नये. या कामाला उपग्रह लागत नाही, फक्त विचारणारा लागतो. आणि ज्यांना विचारायचे, त्यांच्यापाशी आता फार वर्षे उरलेली नाहीत.