मुल्कोवालची बाटली

परळला हाफकिन संस्थेची जुनी, प्रशस्त इमारत आहे. मुळात तेथे जेज्वीट धर्मगुरूंचा मठ होता असे सांगतात. पुढे ती वास्तू इंग्रजांच्या हाती गेली, मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि १८९९ साली तिच्यात प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. ज्या शास्त्रज्ञाने ही प्रयोगशाळा उभारली त्याचे नाव तिला १९२५ साली देण्यात आले. मधल्या काळात त्याच शास्त्रज्ञाला याच इमारतीतून आरोपी होऊन बाहेर पडावे लागले होते. ती हकिगत आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. रुग्णाच्या बाबतीत चूक घडली म्हणजे आपण काय करतो आणि काय करावयास हवे, हे समजून घ्यायचे असेल तर मात्र तिच्याकडे पुन्हा एकदा वळणे उचित ठरेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका तापाच्या रोग्याला तपासून 'हा प्लेग आहे' असे निदान केले ते गोव्याहून मुंबईत आलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. आपल्या समाजातील या डॉक्टरांचे नाव वाचकांच्या परिचयाचे असेलच. त्यानंतर थोड्याच दिवसांत वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ओदेसा येथे १८६० साली जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून तयार झाला होता आणि कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ पासून हिंदुस्थानात फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी काम सुरू केले. इथल्या लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून गोमांस टाळून शेळीच्या मांसाचा रस वापरला. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

लसीची मागणी वाढतच गेली. १९०२ साली पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम आखली. इतकी लस जुन्या पद्धतीने वेळेत तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा परळच्या प्रयोगशाळेने एक जलद पद्धत स्वीकारली आणि तिच्यात पूर्वी मिसळले जाणारे कार्बोलिक ॲसिड वगळले. उष्णतेने निर्जंतुक केले म्हणजे पुरे, असा हाफकिन यांचा विश्वास होता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल या गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली. तिच्यावर '५३-एन' असा क्रमांक होता. आठवड्याभरातच त्या १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकही वाचला नाही. उरलेल्या ८८ जणांना, ज्यांना इतर बाटल्यांतील लस टोचली होती, काहीही झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स आणि दोन लष्करी डॉक्टर असे तिघे तिचे सदस्य होते. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, लसीत शिरले असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि कार्बोलिक ॲसिड वगळल्याबद्दल ठपका ठेवला. हाफकिन यांना प्रयोगशाळेपासून दूर करण्यात आले. नोकरी गेली, नाव गेले, आणि ते १९०४ साली इंग्लंडला निघून गेले.

वस्तुतः पुराव्यात दुसरीही एक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. खेड्यातल्या मातीत, विशेषतः जनावरांच्या वावराच्या जागी, धनुर्वाताचे जंतू असणे ही नित्याची बाब. शिवाय ती लस बाटलीत भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते तर लसीला घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने नंतर हा पुरावा तपासला तेव्हा दोष बहुधा बाटली उघडतानाच शिरला असावा, असा तिचा कौल पडला. पण संबंधित कागदपत्रे लोकांपुढे यावयास १९०६ सालाची अखेर उजाडली.

मग मात्र काही मोठी माणसे उठली. मलेरिया आणि डास यांचा संबंध सिद्ध करणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस आणि कलकत्त्यात आरोग्य अधिकारी राहिलेले प्रा. सिम्पसन यांनी हे प्रकरण धसास लावले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन दोषमुक्त ठरले. ते कलकत्त्याला परत आले खरे, पण पूर्वीचे अधिकार आणि पूर्वीचे काम त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाशी काहींनी या प्रकरणाची तुलना केली, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

हाफकिन यांच्या चरित्रांत ही कथा बहुधा येथे संपते: निरपराध माणसाला न्याय मिळाला. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. पहिल्या चौकशीने परळच्या शास्त्रज्ञाला दोषी ठरवले, दुसऱ्या मताने तो दोष मुल्कोवालच्या मदतनिसाच्या माथी गेला. दोन्ही वेळा शोध चालला तो माणसाचाच. एकच चिमटा का होता? पडला तर दुसरा घेण्याची सोय का नव्हती? एका बाटलीतून एकामागून एक इतक्या जणांना टोचावे लागत होते तर बूच काढण्याची रीत इतकी नाजूक का ठेवली होती? आणि मोहिमेची घाई कोणाची होती? त्या गरीब मदतनिसाने 'साहेब, चिमटा पडला, ही बाटली बाजूला ठेवू या' असे म्हटले असते तर त्याला शाबासकी मिळाली असती की बोलणी बसली असती, याचे उत्तर वाचकच देऊ शकतील.

या साऱ्या भांडणात त्या १९ कुटुंबांचा उल्लेख ओझरताच येतो. नुकसान त्यांच्यापुरते राहिले नाही. लसीवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पंजाबातील मोहीम कोलमडली. पुढची काही वर्षे प्लेगने पंजाबात थैमान घातले. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यांतली किती लसीने वाचली असती हे कोण सांगणार?

परळपासून फार दूर नसलेल्या भायखळ्याला, जे. जे. रुग्णालयात, १९८६ च्या आरंभी अशीच एक बाटली आली. तिच्यात रुग्णांना देण्याचे ग्लिसरीन होते, पण ते औषधी प्रतीचे नव्हते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते आणि १४ रुग्ण त्याने दगावले. त्या वेळी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केवळ औषध पाजणाऱ्या हाताकडे बोट दाखवले नाही. ते रुग्णालयाच्या खरेदी विभागात गेले, औषध प्रशासनाच्या कचेरीत गेले, परवाने कसे मिळतात ते पाहिले, मंत्र्यांनाही प्रश्न विचारले. मुल्कोवालला जे घडले नाही ते येथे घडले. बाटलीचा प्रवास मागे, उगमापर्यंत तपासला गेला.

अमेरिकेतील वैद्यकविषयक राष्ट्रीय संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेला अहवालही हेच सांगतो. तेथील रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे टाळता येण्याजोग्या चुकांनी मरत असावीत, असा त्यात अंदाज होता. या चुका बहुतांशी वाईट माणसांच्या नसतात, सदोष व्यवस्थेतल्या चांगल्या माणसांच्या असतात, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. आपल्या अनेक घरांतल्या मुली परिचारिका आहेत. रात्रपाळीत एकटीने वीस-पंचवीस खाटा सांभाळताना दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या हाती येतात तेव्हा काय वाटते, ते त्यांना विचारावे. आणि हातून चुकता चुकता राहिले, तर ते वरिष्ठांना सांगण्याचा धीर होतो का, हेही विचारावे.

आज आरोग्य केंद्रात मूल घेऊन गेलेल्या आईला एक लहानशी गोष्ट पाहावयास मिळते. गोवराची लस विरघळवली की परिचारिका त्या कुपीवर उघडल्याची वेळ लिहिते. चार तास झाले की उरलेली लस, कितीही मात्रा शिल्लक असल्या तरी, टाकून दिली जाते. प्रत्येक बाळासाठी नवी सुई आणि एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज असते. रांगेतल्या आईला त्या कुपीवरचे ते चार आकडे दिसतात, आणि बाळाची पाळी येते.