कायदा आणि पलटे

धुळ्याला बी.ए. करत होतो, तेव्हा संध्याकाळी मी मोगलाईत तबला शिकायला जात असे. पत्र्याची लहानशी खोली, खाली सतरंजी आणि समोर वयस्क उस्तादजी. त्यांनी तीन महिने माझ्याकडून एकच कायदा वाजवून घेतला : 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना.' कंटाळून एके दिवशी मी मध्येच एक 'तिरकिट' घुसवले. माझ्या कानाला ते झकास वाटले. उस्तादजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बेटा, ये मेहमान कहाँ से आया?"

त्या दिवशी मला 'कायदा' या शब्दाचा अर्थ कळला. कायदा म्हणजे तबल्यातला एक ठरलेला विषय. त्यात जे बोल आहेत, तेवढेच वापरायचे. बाहेरचा बोल आणायचा नाही. मात्र आहेत त्या बोलांची जागा बदलायची, कुठे एखादा तुकडा दोनदा घ्यायचा, कुठे एखादा लांबवायचा. 'धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातूना' हा झाला पहिला पलटा. पूर्वार्धात डग्गा घुमतो, त्याला म्हणतात भरी. उत्तरार्धाच्या सुरुवातीला तो गप्प होतो, ती खाली. शेवटी तो पुन्हा बोलू लागतो. असे पलट्यांमागून पलटे करत वादक तिहाईने समेवर येतो. मूठभर अक्षरे असतात, पण चांगल्या हातात ती संपतच नाहीत.

पाश्चात्त्य संगीतातही हा प्रकार आहे. आधी एक धून आणि मग तिची रूपे. बाखने १७४१ मध्ये छापलेल्या 'गोल्डबर्ग' रचनेत अशी ३० रूपे आहेत. बेथोव्हनने डियाबेली नावाच्या प्रकाशकाच्या एका साध्या वॉल्ट्झवर ३३ रचली. फरक इतकाच, की तिथे ती कागदावर लिहिलेली असतात. आपल्याकडे ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. गवई त्या ओळींवर अर्धा-पाऊण तास गातो, दर आवर्तनाला मुखडा घेऊन समेवर परततो, आणि उद्या तेच पुन्हा तसेच गाईल याची खात्री नसते.

मराठी माणसाने हा खेळ सर्वांत जास्त कुठे ऐकला असेल, तर नाटकाच्या थिएटरात. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्समोअर' मिळायचा. एक नाही, अनेक. पद तेच, शब्द तेच, पण दर खेपेला जागा निराळी, आळवणी निराळी. लोक पुन्हा तेच मागत आणि गंधर्व त्यांना त्याच पदातून नवे काढून देत.

या गंधर्वांचा एक धागा आपल्या खानदेशात आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. लहानपणी शिक्षणासाठी ते काही काळ जळगावात होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. पुढे लोकमान्यांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटल्याची गोष्ट आपण सारेच सांगतो. मेहबूबखाँंची गोष्ट कोण सांगतो? दुसऱ्याच्या चरित्रातली एक ओळ, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. जळगावातल्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण तिथून जाताना मला त्या पहिल्या 'सा'ची आठवण येते. तो कोणीतरी दिला होता.

गंधर्वांचे पुढचे गुरू भास्करबुवा बखले. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाचे संगीत त्यांचे. बुवा शिकले फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडे. तीन उस्तादांची विद्या एका मराठी माणसाच्या गळ्यातून रुक्मिणीच्या पदांत उतरली. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा. हे थिरकवाँसाहेब म्हणजे कायद्या-पलट्यांचे बादशहा. मुरादाबादचा हा माणूस मराठी रंगभूमीवर कितीतरी वर्षे रमला. मराठी पदाच्या ठेक्यात त्याला परकेपणा वाटला नसावा.

आमच्या घराशेजारी पहाटे जाते फिरायचे. बाया ओव्या म्हणत. तिथे उलटा हिशेब. चाल एकच, ती हलत नाही. बदलतात ते शब्द : माहेर, भाऊ, लेकरू, दुष्काळ. आसोद्याच्या बहिणाबाईंनी अशाच चालींत आपले सारे शहाणपण भरले. ख्यालात शब्द थांबतात आणि सूर चालतो. ओवीत सूर थांबतो आणि शब्द चालतात. काहीतरी स्थिर हवे, तरच दुसऱ्याला फिरता येते. मी गझल लिहू लागलो, तेव्हा रदीफच्या रूपाने मला हीच गोष्ट पुन्हा भेटली. शेर कुठेही जावो, घरी यायची वाट ठरलेली.

कविसंमेलन संपल्यावर अजूनही कोणी प्रेमाने विचारतो, "तुम्ही इतकं छान मराठी कसं लिहिता?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरी मनात कुठेतरी खट्ट होते. जणू मीच त्या कायद्यात घुसलेले 'तिरकिट' आहे. पूर्वी मी नुसता हसायचो. आता सांगतो, "दादा, मी बाहेरचा बोल नाही. याच कायद्यातला आहे. जरा जागा बदलून वाजतो, एवढंच."

उस्तादजी जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे नाव कुठल्या पाटीवर नाही. त्या खोलीच्या जागी आज मोबाइलचे दुकान आहे. मी काही तबलजी झालो नाही. पण कविता अडली, की बोटे आपोआप टेबलावर चालू लागतात : धाधा तिट धाधा तूना. मग नवा शब्द शोधणे सोडतो आणि जवळ आहेत तेच शब्द पुन्हा मांडून बघतो.