प्रीमियरची तीन इंजिने

कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीजवळून जाताना ‘प्रीमियर कॉलनी’ हे नाव अजून कानावर पडते. ज्या कारखान्यामुळे ते पडले, तो प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. कंपनीचा मूळ कारखाना कुर्ल्याला होता. कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात १९९० च्या दशकात फ्रेंच प्यूजो कंपनीच्या भागीदारीत ‘३०९’ ही मोटार बनत असे. या भागात जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र आले की वाद ठरलेला: पद्मिनीचे इंजिन सरस, ११८ एनईचे की प्यूजोचे? जो तो आपल्या आठवणी पुढे करतो. आम्ही मात्र हा वाद शाळेतल्या दंडगोलाच्या सूत्राने तपासून पाहण्याचे ठरवले.

इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक दंडगोल. त्यात दट्ट्या वरखाली होतो. सिलिंडरचा व्यास म्हणजे ‘बोअर’ आणि दट्ट्याची एका दिशेची धाव म्हणजे ‘स्ट्रोक’. पद्मिनीच्या इंजिनात व्यास ६८ मिलिमीटर, धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे मिळून घनफळ काढा. सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येईल. गाडीच्या माहितीपत्रकातही हाच आकडा असे.

हीच मापे इटलीच्या फियाट कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या ११०० या गाडीत होती. आपल्याकडे १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, १९७४ पासून तिचेच ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरात झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वी ठरलेले माप एकविसाव्या शतकातही आपली भाडी वाहत होते.

आता ११८ एनई. ही १९८५ सालची ‘कलमी’ गाडी. शरीर इटलीच्या फियाट १२४ चे, तेही स्पेनच्या सिआट कंपनीत सुधारलेले. इंजिन मात्र जपानच्या निस्सानचे. नावातला ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिन. व्यास ७३, धाव ७० मिलिमीटर. चार सिलिंडरांचे घनफळ ११७१ घन सेंटिमीटर. येथे व्यास धावेपेक्षा मोठा आहे. याने काय साधते? आस एकदा फिरला की दट्ट्या धावेच्या दुप्पट अंतर कापतो. मिनिटाला ५००० फेरे धरले, तर पद्मिनीच्या दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला १२.५ मीटर, निस्सानच्या दट्ट्याची सुमारे ११.७ मीटर. घनफळ जास्त असूनही दट्ट्याची दगदग कमी. शिवाय रुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठ्या झडपांना जागा मिळते, त्यामुळे जास्त फेऱ्यांवरही इंजिनाला श्वास पुरतो.

मग आखूड धाव म्हणजे प्रगती, असे म्हणावे काय? तसे म्हणू लागलो की प्यूजो आडवी येते, अगदी शब्दशः. ३०९ च्या १३६० घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात व्यास ७५ आणि धाव ७७ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा धाव मोठी! पद्मिनी आणि ११८ एनई यांच्यात इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसे आणि लांब दांडा मागची चाके फिरवी. ३०९ मध्ये इंजिन आडवे असून पुढचीच चाके फिरतात. इंजिन आणि गिअरपेटी दोन्ही पुढच्या चाकांच्या मधल्या जागेत बसवायची, तर एका रांगेतले चार सिलिंडर फार रुंद असून चालत नाहीत. तेव्हा घनफळ वाढवायचे तर धावेकडे वळावे लागते. त्या बदल्यात मधला दांडा गेला, त्याच्यासाठी गाडीच्या तळात ठेवावा लागणारा उंचवटा गेला आणि प्रवाशांना जागा मिळाली.

‘सर्वांत चांगले इंजिन कोणते?’ हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. कोणत्या गाडीत, कोणत्या अटींवर, हे जोडल्यावाचून त्याला उत्तर नाही. आमच्या मते शौकिनांनी ज्या गाडीची थट्टा केली, ती कलमी ११८ एनईच येथे सर्वांत शिकवून जाते. पद्मिनी आणि ३०९ या दोन्ही गाड्या परदेशात आधीच जुळवून झालेल्या होत्या. ११८ मध्ये मात्र कोणत्या शरीराला कोणते इंजिन जोडायचे, ही निवड इथल्या कंपनीने केली. पण त्या निवडीतून पुढची पायरी, म्हणजे स्वतः आखलेले इंजिन, काही आले नाही. कामगारांशी तंटा आणि प्यूजोची माघार यांत १९९० च्या दशकाअखेर ३०९ चे उत्पादन थांबले. इंजिन वाईट होते म्हणून ती गाडी बंद पडली नाही, हे मुलांना जरूर सांगावे. कारखाना थांबतो तेव्हा हजारो हातांतले कसबही विखुरते आणि त्याची नोंद कोणत्याच माहितीपत्रकात सापडत नाही.

एक प्रयोग सुचवतो. जवळच्या गॅरेजमधून फियाटचा एखादा निकामी दट्ट्या मागून आणा. मुलांना त्याचा व्यास मोजू द्या. इंजिनाचे बोअरिंग झालेले असेल तर माप ६८ पेक्षा थोडे जास्त भरेल. ते का, हे त्यांनाच शोधू द्या. मग ७५ मिलिमीटर धाव सांगून घनफळ काढायला लावा. उत्तर आले की तिथे थांबू नका. विचारा, धाव ७५ च का ठेवली असेल? सूत्र आपण सगळेच शिकवतो. कारखाने मात्र या दुसऱ्या प्रश्नातून उभे राहतात.