नोकरीचा शोध : जवळच्यांचा आधार, दूरच्यांची ओळख

नोकरी गेली की मनुष्य प्रथम आप्तस्वकीयांकडे वळतो. त्यांच्याकडून धीर मिळतो, प्रसंगी घरखर्चही भागतो. रिकाम्या जागेची बातमी मात्र अनेकदा दूरच्या परिचितांकडून येते. रोजगारविषयक संशोधनात हा फरक गेल्या अर्धशतकात वारंवार तपासला गेला आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक व व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि १९७३ मध्ये तिचे काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्केच त्या परिचिताला वरचेवर भेटत असत. सुमारे ५६ टक्के अधूनमधून, तर सुमारे २८ टक्के क्वचितच भेटत. याचे कारण असे की, जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळात वावरतो आणि तेथील वार्ता आणतो. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अगदी घट्ट किंवा अगदी नाममात्र ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयुक्त ठरतात, असे त्यांत आढळले.

घट्ट नात्यांचे बळ आणि त्यांची मर्यादा मुंबईच्या गिरणगावाने अनुभवली आहे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण गावकऱ्यांच्या खोलीत उतरे, खानावळीत जेवे आणि नातलगाच्या किंवा जॉबरच्या शब्दावर गिरणीत बदली कामगार म्हणून लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गाव आणि नातीगोती यांनी अनेकांना तगवले. परंतु खोलीतील सर्वांचीच चूल गिरणीवर पेटत असेल, तर दुसऱ्या धंद्यातील कामाची वाट दाखविणार कोण, हा प्रश्न उरतोच.

धीर आणि माहिती यांची सांगड घालण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणजे ‘जॉब क्लब’. मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बेरोजगार व्यक्ती गटाने एकत्र येत, प्रत्येकाला एक जोडीदार असे आणि स्वतःला न जुळणाऱ्या जागेची माहिती दुसऱ्याला दिली जाई. अर्जलेखन, मुलाखतीचा सराव, तसेच जुने मालक, मित्र व नातलग यांच्याशी संपर्क साधणे हा कामाचा भाग होता. दोन महिन्यांत गटातील ९० टक्के जणांना नोकरी मिळाली. तुलनेसाठी निवडलेल्या, असे साहाय्य न लाभलेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते.

भारतात सेवायोजन कार्यालयांतील नोंदणीची व्यवस्था जुनी आहे. रिक्त पदे अधिसूचित करण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ मध्ये झाला होता, तर नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ चे. अशा नोंदणीने जागा कळतात. पण नकारामागून नकार पचवताना लागणारी सोबत तिच्यातून मिळत नाही.

ओळख आणि वशिला यांत भेद करणेही आवश्यक आहे. वशिल्याने पात्रता बाजूला सारली जाते. ओळखीतून मिळालेल्या माहितीने पात्र व्यक्ती वेळेवर दारापर्यंत पोहोचते. तरीही ओळखींची वाटणी समान नसते. त्या बहुधा गाव, जात, शिक्षण आणि व्यवसाय यांच्या कडेने वाढतात. पहिल्या पिढीतील पदवीधराला किंवा परप्रांतात नव्याने आलेल्या कामगाराला त्या वारशाने मिळत नाहीत. म्हणूनच निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे एकत्र आणणाऱ्या गटाचे मोल अशांसाठी सर्वाधिक असते. अशा गटात जागा मागण्याऐवजी माहिती विचारावी, स्वतःजवळची माहिती इतरांना द्यावी आणि नोकरी लागल्यावरही संपर्क कायम ठेवावा. कारण नोकरी लागलेला सदस्य हाच मागे राहिलेल्यांसाठी नव्या वर्तुळातील परिचित ठरतो.